पहिल्या पानाबाहेरची मराठी

भाईंदर पूर्वेला गोडदेवमध्ये राहायचे आणि गावाच्या नावाचा इतिहास ठाऊक नसावा, याची लाज वाटून मी एकदा शोधयंत्रात ‘गोडदेव’ टाकले. समोर आल्या सदनिका, भाड्याच्या खोल्या, दुकानांचे पत्ते. इतिहास कुठेच नव्हता. आधी यंत्राचा राग आला. ते पाने कशी लावते हे समजत गेले, तसा राग माझ्याकडेच वळला.

हे काम तीन पायऱ्यांत चालते. क्रॉलर नावाचे प्रोग्रॅम दुव्यांवरून फिरत पाने गोळा करतात. मग त्यांची सूची होते, ग्रंथाच्या शेवटी असते तशी, पण अवाढव्य. शेवटी विचारलेल्या शब्दांशी जुळणारी पाने क्रमाने लावली जातात. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी मांडलेली ‘पेजरँक’ पद्धत विद्वानांच्या जुन्या रिवाजाच्या जवळची आहे : ज्या निबंधाचा हवाला इतर देतात, तो वजनदार. एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे असा हवाला. देणारा स्वतः वजनदार असेल, तर हवाल्याचे मोल अधिक. आज मजकुराची जुळणी, ताजेपणा, शोधणाऱ्याचे ठिकाण असे अनेक निकष त्यात मिसळले आहेत. दुव्याचे महत्त्व मात्र उरले आहे. थोडक्यात, यंत्र मजकुराची खोली मोजत नाही, त्याच्या बाजूचे साक्षीदार मोजते.

मराठीच्या काही अडचणी तांत्रिक आहेत. युनिकोडपूर्वीच्या कित्येक फॉन्टांत डोळ्यांना मराठी दिसे, यंत्राला रोमन अक्षरांची खिचडी. स्कॅन केलेले पान म्हणजे नुसते चित्र. त्यातली अक्षरे ओळखून घेतल्याशिवाय ते सूचीत शिरत नाही. ‘भाईंदर’ आणि ‘भायंदर’ एकच, हे यंत्राला शिकवावे लागते. ‘दऱ्या’ हा शब्दसुद्धा संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. दिसायला सारखा, आतून वेगळा. अशा अडचणी हळूहळू सुटत आहेत.

सुटत नाही ती आपली सवय. ‘एका ज्येष्ठ समीक्षकाने म्हटल्याप्रमाणे’ असे लिहून आपण पुढे जातो. कोणत्या, कुठे, केव्हा, हे वाचकाने ओळखायचे. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ आज महाजालावर वाचता येतो. त्यातून माहिती उचलणारे अनेक, नोंदीचा दुवा देणारे थोडे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा घातली. तेव्हापासून किती अभ्यासलेख छापले गेले! पण यंदाचा लेख पूर्वीच्या लेखाचे नाव क्वचितच घेतो. कागदावर जे एकमेकांना ओळख देत नाहीत, ते महाजालावर अनोळखीच राहणार. जाहिरातदार मात्र एकमेकांचे दुवे न चुकता देतात आणि पानोपानी गावाचे नाव, पत्ता लिहितात.

हे लिहिण्याआधी मी माझेच जुने चार लेख काढून पाहिले. चारही लेखांत इतरांच्या संशोधनाचा आधार होता. नावानिशी उल्लेख एकाच ठिकाणी सापडला, आणि तोही इंग्रजी पुस्तकाचा.