देशांना नावे ठेवताना : टोपणनावांमागील दृष्टिकोन

मराठीत ‘नाव ठेवणे’ म्हणजे नामकरण करणे आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. या दोन क्रियांतील अंतर केवळ एका वचनाचे आहे. देशांच्या टोपणनावांच्या बाबतीत तेही पुष्कळदा उरत नाही. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ही नावे राजधानी व चलन यांच्या शेजारी, जणू ती भौगोलिक वस्तुस्थितीच आहे अशा रीतीने छापली जातात आणि विद्यार्थी ती पाठ करतात. ते नाव कोणी, कोठे उभे राहून ठेवले हा प्रश्न मात्र त्या तक्त्यात बसत नाही.

‘उगवत्या सूर्याचा देश’ हे सर्वपरिचित उदाहरण. जपानमध्ये राहणाऱ्यास सूर्य समुद्रातून उगवताना दिसतो. तो जपानच्या दिशेने उगवतो तो चीनकडून पाहणाऱ्यास. मात्र इ.स. ६०७ मध्ये जपानच्या दरबाराने सुई सम्राटास पाठविलेल्या पत्रात हीच दिशा आत्मगौरवासाठी वापरली. स्वतःकडे सूर्योदयाची भूमी घेऊन सम्राटाकडे सूर्यास्ताची दिली. सम्राट रुष्ट झाला, यात नवल नाही. येथे निदान नाव धारण करणाऱ्याची त्यास संमती होती.

कोरियाला ती संधी मिळाली नाही. विल्यम ग्रिफिस या अमेरिकन लेखकाने १८८२ मध्ये कोरियावरील ग्रंथाच्या शीर्षकातच त्या देशास एकांतवासी राष्ट्र म्हटले. तोवर त्याने कोरियात पाऊलही ठेवलेले नव्हते. त्याच वर्षी कोरियाने अमेरिकेशी करार केला. जपानशी तर १८७६ मध्येच झाला होता. दार उघडत असताना त्यावर ‘बंद’ अशी पाटी लागली आणि पुढे उत्तर कोरियाच्या संदर्भात ती अधिकच घट्ट बसली.

‘बनाना रिपब्लिक’ या नावाचा विचार अधिक गांभीर्याने करावा लागतो. बँकेतील अपहाराचा खटला टाळण्यासाठी ओ. हेन्री १८९६ मध्ये होंडुरासला पळून गेला. तेथील अनुभवांवर आधारलेल्या १९०४ च्या ‘कॅबेजेस अँड किंग्ज’ या पुस्तकात ‘अँचुरिया’ या काल्पनिक देशासाठी त्याने हा शब्दप्रयोग केला. कायद्यापासून पळालेल्या माणसाने दुसऱ्या देशाच्या बेबंदशाहीची थट्टा करावी, हा विनोद पुस्तकातील विनोदांहून तीक्ष्ण आहे. हे नाव अस्थिरतेचा दोष देशाच्या माथी मारते आणि केळीच्या मळ्यांचे मालक कोण होते, हे झाकते. १९११ मध्ये होंडुरासमधील सत्तांतर न्यू ऑर्लिन्सहून आलेल्या भाडोत्री सैनिकांच्या बळावर घडले; पैसा केळीचा व्यापारी सॅम्युएल झेमरे याचा होता. ग्वाटेमालात आर्बेन्झ सरकारने युनायटेड फ्रूट कंपनीची पडीक जमीन ताब्यात घेतली, आणि १९५४ मध्ये ते सरकार सीआयएच्या साहाय्याने उलथविले गेले. केळी परक्यांची, प्रजासत्ताक तेवढे स्थानिकांचे, अशी ही वाटणी आहे. आज कोणत्याही देशातील अनागोंदीला वृत्तपत्रे हे विशेषण सर्रास लावतात, तेव्हा या इतिहासाचा मागमूसही उरत नाही.

याउलट निंदेचे रूपांतर स्तुतीत होण्याचेही उदाहरण आहे. डोनाल्ड हॉर्न यांच्या १९६४ च्या ‘द लकी कंट्री’ या पुस्तकाचा रोख असा की, ऑस्ट्रेलिया संपन्न आहे तो कर्तृत्वाने नव्हे, नशिबाने. त्याचे नेतृत्व दुय्यम वकुबाच्या माणसांच्या हाती आहे. वाचकांनी, आणि न वाचणाऱ्यांनी त्याहून अधिक, शीर्षक उचलले व उपरोध सोडून दिला. पर्यटनाच्या जाहिरातींना ते फारच सोयीचे ठरले. भारतीयांनी यावर हसण्यापूर्वी ‘ब्रिटिश मुकुटातील रत्न’ हे बिरुद आपल्याकडेही काही ठिकाणी अभिमानाने सांगितले जाते, हे आठवावे. मुकुट कोणाच्या डोक्यावर होता, याचा तेथे सोयीस्कर विसर पडतो. हॉर्न यांना आपल्या शब्दांच्या या विपर्यासाबद्दल २००५ मध्ये निधन होईपर्यंत पुन्हापुन्हा खुलासा करावा लागला. शीर्षक मात्र तसेच वापरात राहिले.