ओव्हरलोड रिलेतली पट्टी

डोंबिवली एमआयडीसीतलं डाइंग युनिट असो की वागळे इस्टेटमधला गाळा, मोटरचं पॅनेल उघडलं की कॉन्टॅक्टरखाली मुठीत मावेल एवढा ओव्हरलोड रिले दिसतो. ट्रिप झाला की सगळे त्याच्यावरच वैतागतात. मला मात्र त्या पॅनेलमध्ये त्याच्याइतकं देखणं काही दिसत नाही.

आत तीन पट्ट्या, प्रत्येक फेजला एक, मोटरच्या प्रवाहाने तापणारी. पट्टी म्हणजे दोन धातूंचे पातळ पत्रे, रोलरच्या दाबाखाली एकजीव केलेले. मधे सोल्डर नाही. एक तापल्यावर चांगला वाढणारा, दुसरा इन्व्हारचा, म्हणजे 36 टक्के निकेल असलेल्या लोखंडाचा, जवळजवळ न वाढणारा. शार्ल एदुआर गियोम यांना तो 1896 साली गवसला आणि 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

हिशोबाला सोपं म्हणून वाढणाऱ्या बाजूला पितळ धरू. 50 मिलिमीटर लांब, 1 मिलिमीटर जाड पट्टी 100 अंशांनी तापली, तर दोघांच्या वाढीतला फरक जेमतेम 0.09 मिलिमीटर, केसाच्या जाडीएवढा. पण दोघं जखडलेले. पितळाला सुटं वाढता येत नाही, म्हणून पट्टी वाकते आणि मोकळं टोक तीन मिलिमीटरहून जास्त सरकतं! तेवढ्यात दांडी ढकलली जाते, संपर्क तुटतो, मोटर वाचते.

वाकणं त्या मानाने सोपं. हजार वेळा वाकून पुन्हा त्याच जागी येणं कठीण. प्रत्येक तापण्यात सांध्यावर ताण येतो. तो सोसण्यापलीकडे गेला की धातूचा आकार कायमचा बदलतो, निवल्यावर पट्टी पूर्ण सरळ होत नाही, आणि पुढच्या प्रत्येक फेऱ्यात तिची मूळ जागा आणखी ढळू शकते. म्हणून पट्टी कापून वाकवल्यावर कारखान्यातच तिला वापरातल्या तापमानाच्या वर तापवून निववतात, तेही पुन्हापुन्हा. जे ढळायचं ते तिथेच ढळून जातं. हे काम डोळ्यांना कधीच दिसत नाही, पण रिलेचा सगळा भरवसा त्यावर आहे.

चांगल्या रिलेत आणखी एक पट्टी असते, भोवतालच्या हवेच्या तापमानाची भरपाई करणारी. मे महिन्यात पत्र्याची शेड तापली तरी त्यामुळे रिले उगाच पडत नाही.

ट्रिप झाल्यावर पट्टी निवेपर्यंत रिले रिसेट होत नाही. अशा वेळी घाईने करंट सेटिंगची डायल वर फिरवणाऱ्याचा मला राग येतो. मोटरचं वाइंडिंगही तेव्हाच निवत असतं, आणि त्याला पट्टीपेक्षा जास्त वेळ लागतो.