‘ला मार’ आणि दर्या : परकीय कथेचा मराठी ठसा

परदेशी वाङ्मयाच्या वाचनाने मनावर जे संस्कार होतात ते केवळ व्यक्तिगत रुचीचे असतात, सबब समीक्षेत त्यांना स्थान नाही, असे पुष्कळदा मानले जाते. हे मत जसेच्या तसे ग्राह्य धरता येत नाही. वाचकाची आवडनिवड बाजूला ठेवली तरी त्याची भाषा बाजूला ठेवता येत नाही. आणि परक्या कृतीचा ठसा कोठे स्पष्ट उमटावा व कोठे पुसट राहावा, हे बऱ्याच अंशी ती भाषाच ठरविते.

अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ (१९५२) ही लघुकादंबरी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला क्यूबातील वृद्ध कोळी सांतियागो समुद्राला ‘ला मार’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये ‘मार’ हे नाम दोन्ही लिंगांत चालते. समुद्रावर माया करणारे ते स्त्रीलिंगी योजतात. मोटारबोटी बाळगणारे तरुण ‘एल मार’ असे पुल्लिंगी म्हणतात व समुद्राला प्रतिस्पर्धी लेखतात, असे निवेदक सांगतो. इंग्रजी नामांना व्याकरणिक लिंग नसल्यामुळे लेखकास स्पॅनिश शब्द तसेच ठेवून हा भेद उलगडावा लागला आहे.

मराठीत लिंगे तीन. तरीही अडचण टळत नाही. समुद्र, सागर, दर्या ही सारी नामे पुल्लिंगीच. सातिवलीच्या पश्चिमेस, वसईच्या किनाऱ्यावर, अर्नाळा व पाचूबंदर येथील कोळीवाडे आहेत. नारळी पौर्णिमेस कोळी ज्याला भक्तिभावाने नारळ अर्पण करतात तो दर्याही पुल्लिंगीच. होड्यांना यंत्रे बसली म्हणून त्याचे लिंग पालटले नाही. साहजिकच, स्त्रीलिंग म्हणजे प्रेम व पुल्लिंग म्हणजे वैर हे समीकरण या भागातील वाचकास प्रथमदर्शनी कृत्रिम वाटते.

परंतु हा ग्रह अपुरा आहे. येथे अर्थ लिंगात नसून निवडीत आहे. एकच शब्द दोन लिंगांत चालतो, म्हणूनच वक्त्याची वृत्ती त्यातून प्रकट होते. याचा प्रत्यय मराठीत ‘वेळ’ या शब्दावरून येतो : ‘वेळ गेला’ म्हणजे काळ खर्ची पडला, ‘वेळ गेली’ म्हणजे संधी टळली. हे ज्याला जाणवते त्याला सांतियागोचे ‘ला मार’ही जाणवू शकेल, मात्र ‘दर्या’ या शब्दावाटे नव्हे.

पु. ल. देशपांडे यांच्या अनुवादाचे ‘एका कोळियाने’ (१९६५) हे नावही या संदर्भात विचारार्ह आहे. मूळ शीर्षकातील वार्धक्य व समुद्र हे दोन्ही येथे लोपले आहेत. ‘कोळी’ शब्द द्व्यर्थी असल्याने पाठ्यपुस्तकातील जाळे विणणारा कोळी आठवतो, आणि वाचकाचे चित्त समुद्राशी असलेल्या नात्याकडून चिकाटीकडे वळते. सांतियागोच्या हाती अखेर माशाचा सांगाडाच उरतो, हे ध्यानी घेता चिकाटीचा हा बोध कथेला पुरता लागू पडत नाही. तथापि मराठी कानाला कथा आपली वाटावी, हे कार्य त्या नावाने निःसंशय साधले आहे.

तात्पर्य, वाचकाचा व्यक्तिगत ग्रह हा निर्णय नव्हे, तो पुरावा होय. अभ्यासकाने तो प्रामाणिकपणे नोंदवावा, आणि मग त्यात कृतीचा वाटा किती व आपल्या भाषेचा किती, हे तपासावे.