शून्यापासून लिनक्स, पण कोणाच्या संगणकावर?

मुक्त सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, हे आपण वर्गात सांगतो. पण त्या संहितेपासून चालते सॉफ्टवेअर तयार करण्यासाठी संगणक कसा सज्ज करायचा, हे पायरीपायरीने सांगणारी पुस्तके थोडीच. ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हे त्यांपैकी एक. गेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये ते सुरू केले. आज ते इंटरनेटवर विनामूल्य मिळते आणि साधारण दर सहा महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते. सुमारे ८० पॅकेजे एकामागून एक कंपाइल करून वाचक स्वतःची लिनक्स प्रणाली उभी करतो.

आम्ही हे पुस्तक मुद्दाम एका ठरावीक वाचकाच्या नजरेने वाचले. पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावी बारावीत शिकणारी एखादी मुलगी, समोर दोन कोअरचा जुना संगणक, ४ जीबी मेमरी, आणि कधी जाईल याचा नेम नसलेली वीज.

आधी पुस्तकाचे बलस्थान पाहू. कंपायलर हाही एक प्रोग्रामच, आणि तो कंपाइल करायला आधीचा कंपायलर लागतो. विरजणाशिवाय दही लागत नाही, तसेच हे. मग जुन्या विरजणाची चव नव्या दह्यात उतरू नये म्हणून काय करावे? पुस्तक जीसीसी हा कंपायलर तीन वेळा बांधायला लावते. पहिल्या वेळी जुन्या प्रणालीच्या आधाराने, दुसऱ्या वेळी त्या पहिल्या कंपायलरने, आणि शेवटी जुन्या प्रणालीकडे पूर्ण पाठ फिरवून. मध्येच एका ओळीचा, काहीही न करणारा प्रोग्राम कंपाइल करून तो कोणत्या प्रणालीला जोडला गेला हे तपासायला सांगितले आहे. प्रयोग पुढे नेण्यापूर्वी उपकरण तपासावे, ही शिस्त इतक्या सहजतेने शिकवणारे पुस्तक आमच्या पाहण्यात क्वचितच आले.

दुसरी लक्षणीय गोष्ट म्हणजे वेळेचे माप. प्रत्येक संगणकाचा वेग निराळा, म्हणून पुस्तक मिनिटे देतच नाही. बिन्युटिल्स हे पहिले पॅकेज तुमच्या संगणकावर बांधायला जो वेळ लागेल तो एक एसबीयू, आणि बाकी सर्व काळ त्याच्या पटीत. वीत किंवा हात या मापांसारखेच हे, ज्याचे त्याने मोजायचे. एकके शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे.

पण इथेच आमची मुख्य तक्रार आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत एक एसबीयू मोजला जातो तो एका कोअरवर. इतर पॅकेजांचे आकडे मात्र चार कोअर एकाच वेळी राबवून काढलेले आहेत. पुस्तक हे लपवत नाही. पण मोजपट्टी एका यंत्राची आणि मोजमाप दुसऱ्या रीतीचे, याचा परिणाम काय होतो ते सांगत नाही. समजा, आपल्या विद्यार्थिनीला बिन्युटिल्ससाठी ५ मिनिटे लागली. पुढे एका पॅकेजसमोर ४० एसबीयू असा आकडा दिसला. ती २०० मिनिटे, म्हणजे ३ तास २० मिनिटे धरणार. तिच्याकडे कोअर दोनच असल्याने वेळ ढोबळमानाने दुप्पट, पावणेसात तासांच्या घरात जाईल. त्यातच पुस्तकाप्रमाणे एका वेळी चार कामे सोडली, तर ४ जीबी मेमरी अपुरी पडून संगणक हार्ड डिस्कवर ये-जा करत बसेल आणि गणित आणखी कोलमडेल. एका ओट्यावर चौघी पोळ्या लाटू लागल्या की काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. अशा यंत्रावर एका वेळी दोनच कामे सोडणे बहुधा लवकर आटोपते. किमान चार कोअर व ८ जीबी मेमरी असावी, त्याहून जुन्या यंत्रावर वेळ बराच अधिक लागेल, एवढे पुस्तक म्हणते. किती अधिक, हे मात्र नाही. सहा तास उलटूनही पडदा हलत नाही असे दिसल्यावर ती मुलगी स्वतःचेच काही चुकले असे समजून बंद करील. आम्हाला आकड्यांपेक्षा याची चिंता अधिक वाटते.

दुसरे गृहीतक विजेचे. काम चालू असताना संगणक बंद होणार नाही, असे धरूनच सूचना लिहिल्या आहेत. संगणक पुन्हा सुरू केल्यावर कोणत्या पायऱ्या परत करायच्या याचे एक प्रकरण आहे, आणि ते चांगले आहे. पण ते शहाणपणाने बंद केलेल्या संगणकासाठी. अचानक वीज गेल्यावरची गोष्ट वेगळी. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत लिहिलेला ‘मेक’ हा प्रोग्राम फायलींच्या वेळा ताडून पाहतो. तयार फाइल मूळ फाइलपेक्षा नवी असेल तर काम झाले असे तो मानतो. अर्धवट लिहिली गेलेली फाइलही नवीच असते! ती तशीच राहते आणि जोडणीच्या वेळी दगा देते. जुन्या संगणकातला नाण्याएवढा सेल संपला असेल तर आणखी गंमत. वीज आल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आत्ता तयार झालेली फाइल मूळ फाइलहून जुनी ठरते, आणि ‘मेक’ तेच काम पुन्हा पुन्हा करू लागतो. तेव्हा आधी घड्याळ पाहावे, गरज असल्यास सेल बदलावा, आणि वीज गेल्यास त्या पॅकेजची फोल्डर पुसून संहिता नव्याने उलगडावी. पॅकेज झाले की फोल्डर पुसा, हा नियम पुस्तकात आहेच. पारशिवनीत त्याचा उपयोग दुहेरी होईल.

इंटरनेटच्या बाबतीत पुस्तक अधिक उदार आहे. लागणाऱ्या सर्व फायलींची एकच यादी मिळते, त्यामुळे त्या एकदाच नागपुरात उतरवून पेनड्राइव्हवर आणता येतात. नवेगाव खैरीहून पेंचचे पाणी नागपूरला जाते, त्याच रस्त्याने एवढी परतफेड व्हायला हरकत नसावी. यादीसोबत प्रत्येक फाइलची तपासणी-संख्या दिलेली असते. गावी पोचल्यावर ती एका आज्ञेने ताडून पाहावी, आणि जी फाइल जुळणार नाही तेवढीच पुन्हा मागवावी.