रुळांवरील चित्रतुरग

संस्कृत साहित्यशास्त्रांत श्रीशंकुकाच्या नांवावर 'चित्रतुरगन्याय' म्हणून एक दृष्टान्त प्रसिद्ध आहे. चित्रांतील घोडा पाहून आपण 'हा घोडा' असें सहज म्हणतों. तो खरा घोडा आहे अशी आपली समजूत नसते, तो खोटा आहे अशीहि नसते, आणि घोडा असेल कीं नसेल असा संशयहि मनांत उभा राहत नाहीं. नटाला राम म्हणून पाहतांना प्रेक्षकाची बुद्धि अशीच चालते, असें शंकुकाचें म्हणणें. पुढें अभिनवगुप्तानें, आपले गुरु भट्टतौत यांच्या आधारानें, हा अनुकरणवाद पार खोडून काढला हें खरें. तथापि शंकुकाच्या मतामुळें जो प्रश्न उत्पन्न झाला तो अद्याप मिटलेला नाहीं. अनुकरण करावयाचें तें कशाचें? रूपाचें कीं स्वभावाचें?

या जुन्या वादाची आठवण होण्यास जें कारण घडलें तें मात्र अगदीं आधुनिक आहे. संगणकावर आगगाडी चालविण्याचे जे खेळ निघाले आहेत, त्यांत इटलींतील जुनीं विद्युत्-इंजिनें रचून घालण्याचा उद्योग कांहीं हौशी मंडळी मोठ्या निष्ठेनें करीत असतात. त्यांपैकीं कांहीं इंजिनें चालवून पाहण्याचा योग मला आला. खेळण्याची समीक्षा वाङ्मयाच्या मासिकांत कशास, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु एखाद्या गत वस्तूचें चित्र लोकांपुढें उभें करून 'ही अशी होती' असें जो सांगतो, तो चरित्रकार असो कीं नाटककार असो, त्यानें सांगितलेलें खरें कीं खोटें हें विचारण्याचा अधिकार समीक्षकाला आहे. इंजिन रचणाराहि याच पंक्तींत बसतो.

प्रथम या खेळाची घडण थोडक्यांत सांगितली पाहिजे. इ. स. २००१ मध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'ट्रेन सिम्युलेटर' नांवाचा खेळ काढला. त्यांत सहा मार्ग होते. ऑस्ट्रियाचा एक होता, जपानचे दोन होते, पण इटलीचा एकहि नव्हता. मात्र त्यांतील प्रत्येक इंजिनाचें वर्णन साध्या अक्षरांत लिहिलेल्या फायलींत असे: वजन किती, ओढ किती, ब्रेक कोणता, आवाज कोठून घ्यावयाचा. त्यामुळें ज्याला हौस व चिकाटी आहे अशा कोणासहि आपलें इंजिन रचून खेळांत बसवितां येऊं लागलें. पुढें निरनिराळ्या देशांतील हौशी लोकांनीं 'ओपन रेल्स' नांवाचें विनामूल्य सॉफ्टवेअर सिद्ध केलें. त्याची पहिली पूर्ण आवृत्ति २०१५ सालीं निघाली, आणि जुन्या खेळासाठीं रचलेलीं इंजिनें त्यांतहि चालूं शकतात. परंतु मूळ खेळाला इंजिनाच्या तीनच जाति ठाऊक होत्या: वाफेचें, डिझेलचें आणि विजेचें. विजेचें इंजिन म्हणजे त्याच्या लेखीं शून्यापासून शंभरापर्यंत सरकणारा एक दांडा. तो जितका पुढें ढकलावा तितकी ओढ अधिक. इटलीच्या बाबतींत सगळी अडचण येथूनच सुरू होते.

इटलींत दगडी कोळसा जवळजवळ नाहीं. आल्प्सच्या उतारांवरून येणारें पाणी मात्र मुबलक. या पाण्याच्या शक्तीला तेथील लोक 'पांढरा कोळसा' म्हणूं लागले. १९०२ सालीं लेक्कोपासून सोन्द्रिओ व कियावेन्ना येथपर्यंत जाणाऱ्या वाल्तेल्लीना खोऱ्यांतील मार्गावर, हंगेरीच्या गान्झ कारखान्यानें, कान्दो कालमान या इंजिनियराच्या योजनेप्रमाणें, थ्री-फेज विजेवर गाड्या सुरू केल्या. या पद्धतींत विजेला तीन वाटा लागतात. दोन तारा डोक्यावरून जातात आणि तिसरी वाट रुळांची असते. एरव्हीं एक तार पुरते तेथें दोन तारा, त्याहि एकमेकींस न शिवतां, प्रत्येक सांध्यावरून व फांट्यावरून न्यावयाच्या, हें काम किती जिकिरीचें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

एवढा खटाटोप कशासाठीं केला तें जोवीच्या घाटावरून समजतें. जेनोआ बंदरांतून उत्तरेकडे निघणारा जुना मार्ग पोंतेदेचिमो व बुसाल्ला यांच्या दरम्यान हा घाट चढतो. आपल्या बोरघाटांतील अवघड चढ सदतीस फुटांस एक फूट आहे. जोवीचा चढ हजारांस पस्तीस, म्हणजे सुमारें अठ्ठावीस-एकोणतीस फुटांस एक फूट भरतो. वाफेच्या काळांत तेथील बोगद्यांतून जाणें म्हणजे धुराशीं झुंज होती. १८९८ सालच्या ऑगस्टमध्यें एका मालगाडीचे चालक धुरानें बेशुद्ध पडले, गाडी उतारावरून मागें घसरत गेली आणि खालीं एका उतारूंच्या गाडीवर आदळून माणसें मेलीं. १९१० सालीं या घाटावर वीज आली. तिच्याबरोबर आलीं तीं ई ५५० जातीचीं इंजिनें: व्हादो लिगुरे येथील वेस्टिंगहाउसच्या कारखान्यांत १९०८ पासून घडूं लागलेलीं, पुढें एकूण १८६ झालेलीं, पांच आंस दांड्यांनीं एकत्र जोडलेलीं, ठेंगणीं, दिसण्यांत कांहींशीं ओबडधोबड.

या इंजिनाला वेग दोनच: तासाला २५ किलोमीटर आणि ५० किलोमीटर. त्याच्या मोटारींची गति तारेंतील विजेच्या आवर्तनांशीं बांधलेली असते. दोन मोटारी एकीमागून एक अशा जोडल्या तर २५, दोन्ही स्वतंत्रपणें जोडल्या तर ५०. चाळीसच्या वेगानें गाडी बराच वेळ न्यावी म्हटलें तर तें त्याच्या स्वभावांतच नाहीं. गाडी हलवितांना सोडा मिसळलेल्या पाण्याची एक टाकी विजेच्या वाटेंत येते. दाबाच्या हवेनें तें पाणी पत्र्यांवर जसजसें चढतें तसतशी ओढ वाढते, आणि पाणी तापून विजेच्या इंजिनांतून वाफ निघूं लागते. एकदां ठराविक वेग साधला कीं चढ असो वा सपाटी असो, इंजिन आपली चाल सोडीत नाहीं. उतारावर गाडीच इंजिनाला ढकलूं लागली तर मोटारी आपोआप वीज उत्पन्न करूं लागतात, गाडीला रोखून धरतात आणि ती वीज तारेंत परत पाठवितात. खालीं येणारी गाडी अशा रीतीनें वर जाणाऱ्या गाडीला हात देते. गाडीला पुढें एक व मागें एक अशीं दोन इंजिनें लाविलीं म्हणजे आणखी एक गोष्ट घडे. एकाचीं चाकें झिजून किंचित् लहान झालेलीं असलीं, तर दोघांचा स्वाभाविक वेग थोडा निराळा पडे आणि एकावर दुसऱ्यापेक्षां अधिक भार येई. चाकांच्या व्यासांतील एवढ्याशा फरकासाठीं त्या पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवावें लागे.

आतां खेळांतील इंजिनाकडे वळूं. जीं मीं पाहिलीं त्यांचें बाह्यरूप पाहून कोणीहि थक्क व्हावें. रिव्हेटांच्या ओळी मोजून घ्याव्यात. दांड्यांची हालचाल, छपरावरील दोन तारांचे वाहक, रंगावर चढलेली धूळ, सर्व यथास्थित. जुनीं छायाचित्रें व कारखान्याचे नकाशे पुढें ठेवून रात्री जागविल्याखेरीज असें काम होत नाहीं, आणि त्याबद्दल कर्त्यांचें मनःपूर्वक अभिनंदन केलें पाहिजे. पण चालकाच्या जागीं बसून दांडा अर्ध्यावर ठेवावा, तों गाडी सावकाश ३५ वर येते आणि तेथेंच सुखानें चालत राहते! चढ आला कीं वेग कमी होतो, उतार आला कीं वाढतो, आणि ब्रेक लावला नाहीं तर गाडी ७० च्याहि पलीकडे जाते. बाहेरून जोवीचें इंजिन, आंतून कोणतेंहि. राजाचा पोशाख चढवून विदूषकाचीं भाषणें म्हणणाऱ्या नटाची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. फरक एवढाच कीं, नाटकांत ही विसंगति प्रेक्षकांस तत्काळ कळते, येथें ती कळविणारा कोणी उरलेला नाहीं.

याच्या उलट उदाहरणहि दिलें पाहिजे. १९२७-२८ च्या सुमारास बेनेवेन्तो–फोज्जा मार्गावर तीन हजार व्होल्टच्या एकदिश प्रवाहाचा प्रयोग झाला, आणि ज्युसेप्पे बियांकी या इंजिनियरानें आंखलेलीं ई ६२६ हीं इंजिनें पुढें आलीं. त्यांची संख्या ४४८ पर्यंत गेली. यांत सहा मोटारी असतात. चालक प्रथम त्या साही एका ओळींत जोडतो, मग तीन-तीनच्या दोन रांगा करतो, मग दोन-दोनच्या तीन. प्रत्येक पायरीवर विजेला अडविणारे रोध एकेक करून वगळावयाचे. फार वेळ मध्येंच थांबलें तर ते रोध तापून जळतील, फार घाई केली तर चाकें घसरतील. नजर सारखी विजेच्या मापकावर. या जातीचें एक इंजिन मीं असें चालविलें कीं, त्यांत प्रत्येक पायरी, प्रत्येक धक्का आणि जोड बदलतांना क्षणभर सुटणारी ओढ, हें सर्व होतें. रंगाचें काम सामान्य होतें, खिडक्यांच्या कडाहि ठोकळेवजा होत्या; तरी पंधरा मिनिटांत मी तें विसरलों. पहिल्या दोन वेळां माझी गाडी स्टेशनांतून नीट निघाली नाहीं, आणि तिसऱ्या वेळीं निघाली तेव्हां जो आनंद झाला तो एखादा अवघड श्लोक लागल्यावर होतो त्या जातीचा होता.

यावर आक्षेप येईल कीं, खेळ हा करमणुकीसाठीं असतो. दोनच वेगांचें इंजिन देऊन खेळणाऱ्यास कंटाळा आणण्यांत काय हंशील? मला हा आक्षेप रसशास्त्राच्या दृष्टीनें लंगडा वाटतो. वृत्ताचें बंधन काढून टाकल्यानें कविता अधिक गोड होते असें नाहीं. ई ५५० च्या चालकाचें सारें कौशल्य त्या दोन वेगांच्या बंधनांतून जन्मलेलें होतें. तें बंधन काढलें कीं कौशल्यहि गेलें, आणि उरला तो दांडा पुढें-मागें करण्याचा उद्योग. कंटाळा खरा तेथें आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हौशी माणसानें फावल्या वेळांत, एक पैसाहि न घेतां केलेल्या कामावर अशी कठोर दृष्टि कां ठेवावी? सामग्रीच अपुरी असेल तर त्यानें काय करावें? याला उत्तर एवढेंच कीं, त्यानें तसें स्पष्ट सांगावें. 'रूप खरें, चाल कल्पित' ही एक ओळ सोबत लिहिली तरी त्याचा प्रामाणिकपणा शाबूत राहतो.

आणि हें सांगणें आवश्यक कां, तेंहि पाहूं. ई ६२६ सारखीं कांहीं इंजिनें आजहि इटलींत सणासुदीच्या ऐतिहासिक गाड्या ओढतात. २०१३ मध्यें स्थापन झालेली रेल्वेची एक प्रतिष्ठान-संस्था त्यांची काळजी घेते. खेळांतील चूक खऱ्या इंजिनाशेजारीं उभें राहून तपासतां येते. थ्री-फेज इंजिनाची गोष्ट निराळी आहे. १९७६ सालच्या मेच्या २५ तारखेस आलेस्सांद्रिया–आक्वी मार्गावर इटलींतील थ्री-फेज गाड्यांचा शेवट झाला, आणि दुहेरी तारा उतरल्या. संग्रहालयांत कांहीं इंजिनें स्वच्छ पुसून ठेविलीं आहेत. पण त्यांना हलवील अशी तारच देशांत कोठें राहिलेली नाहीं. त्यांचें रूप संग्रहालयांत आहे, त्यांचा स्वभाव मात्र जगांत कोठेंहि नाहीं. तो पुन्हां अनुभवावयाचा असेल तर असा खेळ हीच एक जागा. तेथें चुकीची चाल बसविली, तर तीच पुढच्या पिढीची आठवण होणार. जोवीच्या घाटांत दोनच वेगांवर गाड्या चढविणाऱ्या, पाण्याच्या टाकीची वाफ तोंडावर घेणाऱ्या माणसांनीं काय केलें हें कोणास कळणार नाहीं.

शंकुकाच्या घोड्याला धांवावें लागत नव्हतें. भिंतीवर तो सुंदर दिसला म्हणजे झालें. या चित्रकारांनीं मात्र आपल्या घोड्यावर आपणांस बसावयास बोलाविलें आहे. तेव्हां त्याच्या आयाळीचा प्रत्येक केंस रंगविण्यापूर्वीं त्याची चाल साधावी, एवढीच त्यांस विनंति आहे.