उद्गारचिन्हाचे मोल

वाचक म्हणतील, दिवाळीच्या फराळात ही वनस्पतींची यादी कशाला? पण थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ (१९०१ ते १९०८) मी डोंबिवलीच्या घरी कादंबरीसारखा वाचतो. कुक मूळचे एंजिनिअर. वसईच्या लोखंडी पुलाच्या कामावर त्यांनी देखरेख केली, पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे ते प्राचार्य झाले. त्यांचे गद्यही पुलासारखेच. शोभेचा खांब एकही नाही.

वृक्षाची नवी नोंद करायची, तर नुसते ‘आढळला’ म्हणून भागत नाही. फुलाफळांसह डहाळी दाबून वाळवावी, स्थळ, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे आणि तो नमुना पुढच्या शंकेखोरासाठी जपावा. कुक अशा नावापुढे उद्गारचिन्ह देतात. अर्थ एवढाच की, ‘हा नमुना मी पाहिला आहे.’ आमच्या ललितलेखकांची उद्गारचिन्हे मात्र न पाहिलेल्या झाडांवरच अधिक!

एक गोष्ट मला सलते. या नोंदींत इतरांची आडनावे येतात, मध्येच ‘भिवा!’ असे नुसतेच नाव भेटते. पानावरची लव टिपणाऱ्या ग्रंथात या माणसाला तेवढाच एक शब्द.

उद्या येऊरच्या किंवा मलंगगडाच्या उतारावर कुणाला देशाच्या यादीत नसलेला वृक्ष सापडला, तर त्याने नमुना जरूर ठेवावा. पण वाट दाखवणाऱ्या ठाकराचे वा कातकऱ्याचे पूर्ण नावही त्याच कागदावर लिहावे.