निवडक भीमगीतांचा संच : नव्या श्रोत्याने घ्यावा काय?

दरवर्षी १ जानेवारीस कोरेगाव भीमा येथे आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर ग्रंथविक्रीच्या दुकानांशेजारी भीमगीतांचे संचही विक्रीस मांडलेले असतात. प्रथम कॅसेट होत्या, पुढे सीडी आल्या. आता बोटाच्या पेराएवढ्या पेनड्राइव्हमध्ये शेकडो गीते मिळतात. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतून तेथे जाणाऱ्या तरुणांपैकी अनेकांची प्रल्हाद शिंदे वा विठ्ठल उमप यांच्या आवाजाशी ओळख जयंतीच्या मिरवणुकीतील ध्वनिवर्धकापुरतीच असते. अशा नव्या श्रोत्याने ‘निवडक’ असे लिहिलेला संच विकत घ्यावा काय, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. ज्यास एकच संच घ्यावयाचा आहे, त्याच्यापुरती तो संच म्हणजेच सारी परंपरा ठरते.

भीमगीत हे मूळचे मंचावरचे गीत होय. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी ज्या कामासाठी डफ-ढोलकी हाती घेतली, तेच काम पुढे गायन पार्ट्यांनी कव्वालीच्या अंगाने चालविले. हार्मोनियम, बेंजो, ढोलक आणि मागे ओळ उचलून धरणारे चार-सहा साथीदार एवढ्या सामग्रीवर दोन पार्ट्यांचा मुकाबला रात्रभर रंगत असे. एकाने प्रश्न टाकावा, दुसऱ्याने गीतातूनच उत्तर द्यावे, श्रोत्यांनी एखादी ओळ पुनःपुन्हा म्हणावयास लावावी, असा तो प्रकार. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. तीत पाच-सहा गीते बसवावयाची म्हटल्यावर मुकाबला गळून पडला आणि केवळ गीत उरले. नारायणगाव हे तमाशाच्या फडांचे गाव. तेथील राहुट्यांत यात्रांच्या सुपाऱ्या ठरताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना मंचावरची रात्र आणि ध्वनिमुद्रण यांतील अंतर समजावून सांगावयास नको.

तरीही संच निरुपयोगी आहे, असे म्हणता येणार नाही. वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. विठ्ठल उमपांना तर २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावर असतानाच मृत्यू आला. या मंडळींना समोर बसून ऐकणे आता कोणासच शक्य नाही. शिंद्यांचा तो वरच्या पट्टीत बिनदिक्कत चढणारा, शब्दाचे टोक न बोथटवणारा आवाज ज्याने नीट ऐकलेला नाही, त्याने एखादा चांगला संच घ्यावा, यात शंका नाही. प्रश्न आहे तो चांगला संच कोणता म्हणावयाचा, एवढाच.

बाजारात सर्वाधिक खपणारा प्रकार ‘नॉनस्टॉप’चा. त्यात प्रत्येक गीताचे धृवपद आणि फार तर एक अंतरा घेऊन, सर्वांस एकाच ठेक्यात ओवलेले असते. मिरवणुकीस ते सोयीचे आहे. मंचर वा घोडेगावच्या रस्त्यावर पावले थांबू नयेत, एवढाच तेथे हेतू असतो. परंतु घरी बसून ऐकणाऱ्याची यात फसगत होते. वामनदादांच्या कितीतरी गीतांत शेवटच्या अंतऱ्यात ‘वामन’ ही नाममुद्रा येते. अभंगात संतकवीचे नाव यावे, तशीच ही रीत. शेवटचा अंतरा कापला की कवीची सही जाते. वेष्टनावर गायकाचे छायाचित्र मोठे आणि कवीचे नाव मुळीच नाही, असे असेल तर ती दुसऱ्यांदा जाते. गीत कोणाचे, असे विचारले असता तरुण श्रोता सहजच गायकाचे नाव सांगतो. त्यात दोष त्याचा नाही.

आपल्या भागात तरी ही गोष्ट खटकावयास हवी. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत. इरिल नामक यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नामक यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. नहपानाचा अमात्य अयम याच्या वर्ष ४६ मधील दानाची नोंद मानमोडीच्या डोंगरात आहे. पाण्याच्या टाक्यासाठी जी काळजी घेतली गेली, ती गीतासाठी घेतली जाऊ नये?

निवडीतील दुसरी एक गोष्ट अवघड आहे. प्रल्हाद शिंद्यांनी भीमगीते गाइली, तशीच विठ्ठलाची गीतेही गाइली आणि ती घरोघर पोहोचली. संच काढणारे या दोहोंची दोन वेगळी दुकाने मांडतात. एका श्रोत्यास दुसऱ्या दुकानाची वार्ताही नसते. धम्माच्या दृष्टीने ज्यांना हे गायन विसंगत वाटते, त्यांच्या मताचा आदर आहे. पण गळा गाऊन पोट भरणाऱ्या कलावंताचे निम्मे आयुष्य झाकून त्याची कला समजत नाही. भीमगीतांच्या संचात भक्तिगीते घालावीत, असे आमचे म्हणणे नाही. संचासोबत गायकाविषयी दोन पाने छापावीत आणि त्यांत हे सरळ सांगावे. भीमगीतातील त्यांची आर्तता कोठून आली, याचा अंदाज मग श्रोता स्वतःच बांधील.

तेव्हा ‘नॉनस्टॉप’ संच घेऊ नये. ज्यात पूर्ण गीत आहे आणि प्रत्येक गीतापुढे कवी व संगीतकार यांची नावे आहेत, असा दहा-बारा गीतांचा संच मिळाल्यास शंभर गीतांच्या पेनड्राइव्हपेक्षा तो अधिक मोलाचा समजावा. वेष्टनावर नावे नसतील तर दुकानदारास विचारावीत. त्याच दुकानाशेजारी पुस्तकांचे दुकान असते. तेथे वामनदादांचा ‘मोहळ’सारखा गीतसंग्रह मिळाला तर तोही घ्यावा आणि संचातील गीत त्यात शोधून शेवटचा अंतरा वाचावा.